अनुभवाचे ऋण

तंजावरचे नाव घेताच मराठी माणसाला सरफोजी राजे आठवतात. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाच्या कारकिर्दीतील (१७९८ ते १८३२) नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, आजही जतन केलेल्या आहेत. रोग्यामागून रोग्याची हकीकत अशी लिहून ठेवण्यात एक मोठे सत्य आहे. वैद्याचा अनुभव त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो; तो रोग्यांनी दिलेला असतो.

या अनुभवाचे मोल एच.आय.व्ही.च्या बाबतीत मोजले गेले आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील ४०३ एड्सग्रस्त पुरुषांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. या रोगाचा सर्वांत कमी अनुभव असलेल्या डॉक्टरांचे निम्मे रोगी १४ महिन्यांत दगावले. सर्वाधिक अनुभवी डॉक्टरांच्या बाबतीत हीच मुदत २६ महिन्यांची होती.

मग नवख्या डॉक्टराने काय करावे? “मला यातले कळत नाही, मोठ्या शहरी जा,” असे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे की पळवाट? शब्द दोन्हीकडे तेच असतात. तंजावरहून चेन्नई तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. कावेरीकाठच्या शेतमजुराला ही वाट दाखवणे म्हणजे कधी कधी त्याला दारच बंद करणे होय. उलट, केवळ अभिमानापोटी रोग्याला अडवून ठेवणे हाही अपराधच.

आणि आरंभी अनुभवी होते तरी कोण? १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सोलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातील एच.आय.व्ही.चा पहिला पुरावा शोधला. सुनीतीबाई तेथीलच गायतोंडे या मराठी घराण्यातील, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका. इतर डॉक्टर या रोग्यांना टाळत असताना त्यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावे उपचार व संशोधनाचे केंद्र उघडले. त्यांनी रोग्यांना परत पाठवले नाही, म्हणूनच त्या अनुभवी झाल्या. जो रोग्याला टाळतो, तो पुढच्या रोग्यासाठीही अजाणच राहतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण जाणतो. त्यानेही जखमी मनुष्याला उतारशाळेच्या रखवालदाराच्या स्वाधीन केले. पण खर्च दिला, आणि परत येण्याचे वचनही दिले. हीच कसोटी नव्हे काय? रोग्याला जाणत्याकडे जरूर पाठवावे. मात्र सोबत चिठ्ठी द्यावी, त्याचे गुपित राखावे, त्याचा ताप-खोकला आपण पाहावा, आणि तो परतल्यावर त्याची विचारपूस करावी. असे करता करता नवखाही जाणता होतो.

एप्रिल २००४ पासून शासनाने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २०१७ च्या कायद्याने या रोग्यांशी उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु कायदा हात पुढे करायला शिकवू शकत नाही.

वाचकहो, आज एखादा रोगी नियमित गोळ्या घेऊन संसार करतो, तेव्हा त्याच्या डॉक्टराचे कौशल्य आपण वाखाणतो. ज्यांच्या वाट्याला १४ महिनेच आले, त्यांनी ते शिकवले आहे. हे ऋण आपण कोणत्या दारी फेडणार?