आधी श्रवण, मग प्रवचन

सुवार्तिकाचे पहिले कर्तव्य कोणते, असे विचारले तर आपण सहज ‘सांगणे’ असे उत्तर देतो. विल्यम केरी या आद्य बॅप्टिस्ट मिशनऱ्याचे चरित्र वाचताना या उत्तराविषयी आमच्या मनात शंका निर्माण झाली.

केरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधील एका खेड्यात झाला. जोडे शिवता शिवता त्यांनी भाषांचे अध्ययन केले. १७९३ साली ते बंगालमध्ये उतरले. श्रीरामपूरच्या कृष्ण पाल या सुताराला त्यांनी बाप्तिस्मा दिला तो डिसेंबर १८०० मध्ये. मधली सात वर्षे फळाविना गेली. पण ती शिकण्याची वर्षे होती. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचाही अभ्यास केला. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण, १८१० साली मराठी शब्दकोश आणि १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी दोन शतके, १६१६ साली, ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे आमचे फादर स्टीफन्स याच वाटेने गेले होते. शिकवावयास आलेला मनुष्य प्रथम विद्यार्थी होऊन बसला, हे आम्हांला लक्षणीय वाटते.

येथे एटापल्लीच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. येथील बहुसंख्य घरांची भाषा माडिया. आमचे प्रवचन मराठीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा कधीच उत्तर देत नसे. आम्ही त्याला मंदबुद्धी ठरवून मोकळे झालो. पुढे एका चैत्रातल्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्या मुलांच्या घोळक्यात तोच मुलगा काहीतरी रंगवून सांगत होता आणि बाकीची मुले हसून लोळत होती. त्यातले एक अक्षरही आम्हांला कळले नाही. मग मंद कोण, तो की आम्ही?

यावर कोणी म्हणेल की, मराठी आल्यावाचून या मुलांचा निभाव कसा लागावा? तहसील कचेरीत, दवाखान्यात, बाजारात तीच भाषा लागते. हे खरेच आहे, आणि म्हणून मराठी शिकवलीच पाहिजे. परंतु स्वतः काहीही न शिकता जो केवळ शिकवतो, त्याच्या दानात नकळत हुकमाचा सूर उतरतो. शेजारच्या भामरागड तालुक्यात, हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रुग्णांशी बोलता यावे म्हणून माडिया आत्मसात केली. त्यांनी प्रवचन केले नाही. तरीही शेजारप्रीतीचा धडा आम्हांला तेथून घ्यावा लागतो.

केरी यांच्या चरित्राची दुसरी बाजूही झाकू नये. त्यांच्या पत्नी डोरोथी मनाविरुद्ध भारतात आल्या. १७९४ साली त्यांचा लहानगा पीटर दगावला. पुढे त्यांचे मन ढळले ते १८०७ साली मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. केरी यांनी त्यांना अंतर दिले नाही, हे खरे. पण इतक्या परक्या भाषा शिकणाऱ्या त्या कानांना घरातला हुंदका वेळेवर ऐकू आला होता का? निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हां धर्मगुरूंना पत्नी नसते. परंतु सेवेच्या धांदलीत जवळच्याचे बोलणे कानांआड करण्याचा दोष आमच्यातही आहे.

म्हणून आम्हांला वाटते की, ऐकणे ही प्रवचनाची पूर्वतयारी नव्हे. ते प्रेमाचे पहिले कृत्य आहे. सध्या आम्ही एक वही घातली आहे. तोच मुलगा रविवारी मिस्सानंतर आम्हांला माडिया शब्द सांगतो आणि आमचे उच्चार चुकले की मनसोक्त हसतो. या वयात ते शब्द लक्षात राहणे कठीण जाते. तो मात्र न कंटाळता पुन्हा सांगतो. आम्ही त्याच्याशी इतक्या धीराने कधी वागलो नव्हतो.