कृष्णानेही विचारलं होतं

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक कोरोनाच्या काळात आम्हा शिक्षकांच्या जितका कामी आला, तितका बहुधा कुणाच्याच आला नसेल. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून अभ्यास मोबाईलवर गेला. सकाळी वरून लिंक यायची, ती पालकांच्या ग्रुपवर टाकायची, आणि संध्याकाळी केंद्रप्रमुखांना आकडा कळवायचा: आज किती विद्यार्थी ऑनलाइन. ‘पोरांपर्यंत पोचतंय का हो?’ असं कुणी शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलंच, तर आमचे एक ज्येष्ठ गुरुजी तो श्लोक टाकायचे. आपण कर्म केलं, फळाची चिंता आपली नव्हे. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागायची.

मी अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर, द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. गीता आजीच्या तोंडून ऐकत वाढले. श्लोकाबद्दल आदर आहे म्हणूनच त्याचा हा वापर खुपला, अजून खुपतो.

साधनं नव्हती असं मी म्हणणार नाही. दीक्षा ॲप होतं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड होते, सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ लागायची आणि ती खरोखर छान होती. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना त्याच डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुस्तकांत क्यूआर कोड आणणारा माणूस आमच्यासारखाच जिल्हा परिषदेचा, याचा केवढा अभिमान वाटला! पण आमच्या वाडीवर टीव्ही मोजके, रेंज टेकाडावर आणि फोन बापाच्या खिशात. बाप दिवस उगवायला नारायणगावकडे टोमॅटोच्या तोडणीला जायचा. २०२० च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या जवळपास ६२ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं. घरात असणं म्हणजे पोरीच्या हातात असणं नव्हे. रात्री नऊच्या पुढे मेसेजवर निळ्या टिका उमटायच्या. पोरगी तेव्हा झोपलेली असायची, पण आकड्यात धरली जायची.

पहिलीतल्या एका मुलीच्या ‘क’चे फोटो यायचे. अक्षर सुबक. पोषण आहाराचे तांदूळ वाटायला वाडीत गेले तेव्हा तिच्या पडवीत बसले नि म्हटलं, ‘लिही बरं बाळा.’ तिने आधी उभी दांडी ओढली, तीही खालून वर. मग उजवीकडचा आकडा. डावीकडचं पोट सगळ्यात शेवटी, उलट्या बाजूने फिरवत. पाटीवर ‘क’ अगदी फोटोतल्यासारखाच उमटला. फोटोत तयार अक्षर येतं. हात कुठून निघाला आणि कुठे गेला, ते येत नाही. असाच हात पडला की पुढे जोडाक्षरं लिहिताना पोर अडतं, आणि मग आपण म्हणतो, हिला अभ्यासाची आवड नाही. मुठीवर हात ठेवून गिरवून घेतलं. तिची आई म्हणाली, ‘बाई, आम्हाला वाटलं बरोबरच आहे.’ तिला तसं वाटणारच.

आता प्रश्न असा, की त्या मुलीला ‘क’ येणं हे माझ्या कर्माचं फळ, की माझ्या कर्माचाच भाग? गुरुजी म्हणतील फळ. मला हे पटत नाही. पंगतीतला वाढपी आधी पान मांडलंय का ते बघतो. जमिनीवर भात टाकून ‘मी वाढलं’ म्हणत नाही. संध्याकाळी कळवायचा आकडा, त्यावर मिळणारी शाबासकी, तालुक्यात शाळेचं नाव, हे झालं फळ. गंमत अशी, की त्याची चिंता आम्ही सगळेच करत होतो, आणि सोडून देत होतो ते कर्म.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. त्यात विनोबांचं म्हणणं साधं आहे: फळाची आशा सोडलेल्या माणसाचं काम आशा धरणाऱ्यापेक्षा सरस व्हायला हवं, कारण त्याचं लक्ष दुसरीकडे वाटलं जात नाही. निष्काम म्हणजे निष्काळजी नव्हे, एवढं तरी त्यातून घ्यावं.

पण खरा पुरावा गीतेच्या अखेरीला आहे. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण आधी अर्जुनाला म्हणतो, नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं वाग. आणि थोडं पुढे जाऊन विचारतो: लक्ष देऊन ऐकलंस ना? तुझा मोह गेला ना? फळाची आशा सोड म्हणणारा गुरूच धडा संपल्यावर ‘कळलं का?’ विचारतो. पुढे काय करायचं ते शिष्यावर सोडतो, कळलं की नाही ते मात्र सोडत नाही.

तीच गीता धृतराष्ट्रानेही ऐकली, महालात बसून, संजयाकडून, शब्दही न गाळता. पहिल्या श्लोकातल्या प्रश्नानंतर तो गीतेत एकदाही तोंड उघडत नाही. कळलं का, हे त्याला कुणी विचारत नाही. आमच्या अहवालात त्याची हजेरी नक्की लागली असती.

गुरुजींवर मी अन्याय करत नाही. साथ, टाळेबंदी, रिचार्जला पैसे नसलेली घरं यातलं काहीच शिक्षकाच्या हातातलं नव्हतं, आणि त्याचा भार उरावर घेऊन झुरणाऱ्या कितीतरी शिक्षकांना त्या श्लोकाने खरंच धीर दिला. तिथे तो योग्यच होता. विचारूनही पोचलं नाही, तर खुशाल श्लोक म्हणावा. न विचारता म्हणू नये.

ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. लिंका मात्र थांबलेल्या नाहीत. फोटो पाठवा, आकडा कळवा, हे चालूच आहे. वरच्या साहेबांना एकच विनंती आहे. अहवालात ‘किती जणांना पाठवलं’ या रकान्याशेजारी ‘किती जणांना विचारलं’ असाही एक रकाना ठेवा. आणि सुरुवातीचे काही महिने तो रिकामा आला, तर कृपा करून कुणाला नोटीस काढू नका.