पहिल्या शुक्रवारची प्रार्थना

प्रभू येशू, आज महिन्याचा पहिला शुक्रवार. तुझ्या पवित्र हृदयाच्या भक्तीला जमलेल्या माणसांत मीही आहे. तुझं हृदय भाल्याने छेदलं गेलं होतं, म्हणून छातीतलं गाऱ्हाणं मी तुझ्याचपाशी आणतो.

पोरवयात एका पावसाळ्यात माझा घसा धरला, ताप आला, आज गुडघा सुजला तर उद्या कोपर. घरात हळदीचं दूध झालं, सुंठीचा काढा झाला. ताप उतरला आणि सगळे विसरले. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच हृदयाच्या व्हॉल्व्हवर उलटतं आणि ते कैक वर्षांनी कळून येतं, हे तेव्हा आमच्या वाडीत कुणाला ठाऊक होतं? मला ते कळलं वसई रोडच्या पुलावर. निम्म्या पायऱ्यांत धाप लागायची, लोकल पकडणारी गर्दी अंगावरून पुढे निघून जायची. रात्री आडवं झालं की दम कोंडायचा, भिंतीला टेकून पहाट करायची. मिट्रल व्हॉल्व्ह लीक होता. पुढे जायचं रक्त मागे फिरून फुफ्फुसांत तुंबत होतं.

तेव्हा तू माणसांचे हात पाठवलेस. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सोबत्यांनी जो व्हॉल्व्ह घडवला, तोच आज माझ्या छातीत आहे. त्यांचे आधीचे तीन नमुने फसले, तरी त्यांनी काम सोडलं नाही. चौथा नमुना डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. धातूची कडी, आत प्लास्टिकची चकती आणि दिवसाला लाखभर वेळा उघडमीट. परदेशी व्हॉल्व्हची किंमत ज्यांना झेपत नव्हती, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप झाला. डॉ. वलियाथन जुलै 2024 मध्ये गेले. प्रभू, त्यांना तुझ्याजवळ ठेव. ज्यांनी माझ्या छातीचं हाड उघडलं आणि पुन्हा तारेने आवळलं, त्या हातांना आशीर्वाद दे.

मी चमत्कार मागत नाही. रोज रात्री रक्त पातळ करणाऱ्या गोळीची आठवण राहू दे, एवढं मागतो. गोळी चुकली तर व्हॉल्व्हवर गुठळी धरते आणि जास्त झाली तर विळ्याने कापलेलं बोट वाहतच राहतं. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआरचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहावा म्हणून धडपड. राखेच्या बुधवारपासून आमच्या घरात मटण बंद होतं, ताटात माठ, मुळ्याचा पाला, अळू येतं. पण पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीचा जोर मोडतं आणि आकडा घसरतो. म्हणून माझं व्रत निराळं आहे. वाफ्यातली भाजी खुडून बाजारात पाठवायची आणि आपल्या ताटात मात्र बारा महिने तेवढीच वाढून घ्यायची, एक घास कमी नाही की जास्त नाही. हाच माझा उपवास समजून स्वीकार, प्रभू. बारा वर्षं रक्तस्राव सोसलेल्या बाईने तुझ्या वस्त्राचा काठ धरला, तेव्हा तू भर गर्दीत थांबलास. लॅबच्या बाकावर बाही वर करून बसलेल्या आम्हा सगळ्यांपाशीही तसाच थांब.

ज्या म्हाताऱ्यांच्या व्हॉल्व्हवर कॅल्शियम साचून तो आखडला आहे, त्यांना बळ दे. चालताना चक्कर येते, छाती भरून येते, आणि ते वयावर घालून गप्प बसतात. त्यांना तोंड उघडू दे. आता मांडीच्या धमनीतूनही नवा व्हॉल्व्ह बसवतात, पण त्याचा खर्च ऐकून घरंच्या घरं हबकतात. त्या घरांना वाट दाखव. व्हॉल्व्ह बदललेल्या ज्या पोरींना मूल हवं आहे आणि ज्यांची गोळीच गर्भाला घातक ठरू शकते, त्यांना नीट समजावून सांगणारा डॉक्टर भेटू दे.

आणि लेकरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाड्यांत, शाळांत जातात, आणि त्यांनी शोधायच्या आजारांत माझ्यासारखं घसा-सांध्यांच्या तापाने बिघडलेलं हृदयही आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, नालासोपाऱ्याच्या चाळींत एखाद्या बारक्या छातीवर स्टेथोस्कोप टेकेल, तेव्हा त्या डॉक्टरला घाई करू देऊ नकोस. ज्या मुलाला हा ताप येऊन गेला, त्याचं दर 21 दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकू देऊ नकोस. सुई फार दुखते, पोर रडतं, बापाची दिवसाची मजुरी बुडते. त्यांनी एवढी पायपीट केल्यावर दवाखान्यात औषध शिल्लक असू दे.

आज या घटकेला आपल्या जिल्ह्यात कुठे एखाद्या पोराचा घसा दुखत असेल, अंग तापलं असेल, तर त्याच्या आईला ते उद्यावर ढकलू देऊ नकोस. तिला आजच दवाखान्याची वाट धरू दे. आमेन.