तडा कधी गेला?

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा पाहुण्यांचं सगळं लक्ष जंगलाकडे असतं. रिसॉर्टच्या कुंपणाआड रात्रीच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडलेला असतो, तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. गावातल्या दोन बचत गटांनी मात्र बघितलं.

एक गट जुना, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांचा. दुसरा नवा, रिसॉर्टमध्ये कामाला जाणाऱ्या आणि गाइड म्हणून जिप्सीत बसणाऱ्या पोरींचा. दोन्ही गटांनी मिळून विजेवर चालणारी एक छोटी भट्टी घ्यायची, टाकाऊ काच वितळवून वाघाच्या पंजाच्या तबकड्या करायच्या आणि पाहुण्यांना विकायच्या, असं ठरत होतं. जुन्या गटाच्या अध्यक्ष मावशी कचरत होत्या. "काच आपलं काम नोहे, बाई."

शाळेच्या गुरुजींनी त्यांना अंताजी दामोदर काळ्यांची गोष्ट सांगितली. माणशी एक पैसा गोळा करत त्यांनी पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळक पाठीशी राहिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना सुरू झाला. तिथे शिकून तयार झालेल्या कारागिरांनी पुढे ठिकठिकाणचे काचकारखाने चालवले. "पैशापैशानं कारखाना झाला, तुमची तर महिन्याची वर्गणी आहे," गुरुजी म्हणाले. मावशींनी सही केली.

भट्टी आली. खिडकीच्या साध्या काचेचा चौकोन खाली, त्यावर हिरव्या बाटलीच्या कापलेल्या पट्ट्यांचा पंजा. ८०० अंशांच्या वर दोन्ही काचा मऊ होऊन एकमेकींत बसल्या. पहिली तबकडी बाहेर आली तेव्हा अख्खी आळी बघायला जमली. एका रिसॉर्टनं मोठी मागणी नोंदवली.

मग तडे सुरू झाले.

एक तबकडी भट्टीतच दोन तुकडे होऊन निघाली. एक बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि फुटली. एक तर फळीवर दोन दिवस छान बसली होती. तिसऱ्या रात्री कोणी हात न लावता टिक् असा आवाज झाला आणि पंजा चौकोनापासून सुटला. काहींवर दुधासारखी पांढुरकी साय धरली.

"मावशी सारखं झाकण उघडून पायते, म्हणून होते हे," पोरी म्हणाल्या.

"अन् तुमची घाई? भट्टी हाय का तुमची जिप्सी?" मावशी कडाडल्या.

कोणी म्हणालं, नजर लागली. कोणी म्हणालं, बाटल्याच हलक्या आणल्या. आठ दिवसांत दोन्ही गटांच्या बैठका वेगवेगळ्या भरू लागल्या आणि भट्टी कोणाची यावर गोष्ट आली.

मावशींच्या नात्यातले एक म्हातारे कुंभार भद्रावतीला राहत. कृष्णमूर्ती मिरमिरांनी तिथे उभ्या केलेल्या ग्रामोदय संघात त्यांची उमर मातीकामात गेली होती. मावशींनी त्यांना निवाडा करायला बोलावलं. आजोबा आले, चहा घेतला आणि दोन्ही बाजू एकदम बोलू लागल्या तसा त्यांनी हात वर केला.

"कोणी केलं ते मले नोका सांगू. फुटलेलं आणा."

तुकडे समोर आले. आजोबांनी पहिला उचलला आणि तडा गेलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत, गोलसर होती. "हे चढताना तडकलं. तडकल्यावर भट्टी आणखी तापली, म्हणून धार वितळून बोथट झाली. थंड काच एकदम तापवली की वरचा भाग फुगते, आतला मांगं रायते." भट्टीच्या कंट्रोलरवर तासाला ४०० अंशांचा वेग लावला होता. मागणी पुरी करायची म्हणून तो कोणी वाढवला होता हे आजोबांनी विचारलं नाही. दोन पोरींनी एकमेकींकडे बघितलं.

दुसरा तुकडा हातात घेताच त्यांनी अंगठा आवरला. कड पात्यासारखी होती. "हे उतरताना गेलं. काच घट्ट झाल्यावर तुटली, म्हणून धार कायम हाय." साधी काच निवताना ५५० अंशांच्या आसपास थोडी थांबवावी लागते, म्हणजे तिच्या पोटातला ताण निघून जातो, तिथून पुढेही ती सावकाश उतरवावी लागते. झाकण उघडून गार वारा आत गेला की वरचं अंग आधी आकसतं आणि ताण आतच अडकतो. मावशींनी पदर सावरला आणि त्या जमिनीकडे बघू लागल्या.

पांढुरकी साय बघून आजोबांनी बाटलीच्या तुकड्यावर नख घासलं. लेबलाचा डिंक तसाच होता. काचेवर मळ असला आणि भट्टी ७०० अंशांच्या आसपास रेंगाळली की वरच्या थरात बारीक स्फटिक धरतात आणि चमक जाते. काच धुऊन, पुसून ठेवायची आणि तो टप्पा न थांबता ओलांडायचा, एवढाच त्यावर इलाज.

राहिला तिसरा, आपोआप फुटलेला. त्याची कडही धारदार होती, पण तडा आडवातिडवा नव्हता. हिरव्या पंजाच्या काठाकाठानं फिरला होता. आजोबा बराच वेळ तो न्याहाळत होते. "झिलई आन् मातीचं जमलं नाही की झिलईले जाळी पडते. कधी भट्टीतून निंगताच, कधी महिन्यानं. तसंच दिसते हे."

गाइड पोरींपैकी एकीला तेव्हा तिचा गॉगल आठवला. इरई धरणाच्या पाण्यावरची चकाकी मारणारा तो पोलराइज्ड गॉगल होता. तिनं लॅपटॉपचा पडदा पांढरा करून समोर ठेवला, गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवला, तसा पडदा काळा झाला. मग मधे तिनं एक अख्खी, अजून न फुटलेली तबकडी धरली. काळ्या पडद्यावर पंजाच्या प्रत्येक बोटाभोवती उजेडाची कड उमटली. काचेत अडकलेला ताण तिथे उजळत होता. सगळ्याजणी पाळीपाळीनं बघून आल्या.

"मंग हे कोणाच्यानं झालं?" मावशींनी विचारलं.

"कोणाच्याच नाही," आजोबा म्हणाले. "दोघींचा स्वभाव येगळा."

काच तापली की फुगते, निवली की आकसते, पण सगळ्या काचा सारख्या आकसत नाहीत. शाळेतलं बोरोसिलिकेटचं चंचुपात्र तर खिडकीच्या काचेच्या निम्म्यानंही फुगत नाही. बाटली आणि खिडकीची काच यांच्यातला फरक थोडका असतो, तरी तेवढाही पुरतो. तापलेल्या असताना दोघी लोण्यासारख्या मिसळतात. घट्ट झाल्यावर एक जास्त ओढते, दुसरी कमी. अशा जोडीला कितीही सावकाश निववलं तरी ओढाताण संपत नाही.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. चढण तासाला १५० अंशांची, ५५० वर उतरताना तासभर मुक्काम, आणि भट्टी हाताला गार लागेपर्यंत झाकणाला कोणी शिवायचं नाही. एका तबकडीत एकाच बाटलीचे तुकडे जाऊ लागले. खिडकीची काच खिडकीच्या काचेशीच जोडली गेली. हिरवे पंजे आणि पांढरे चौकोन वेगवेगळे निघाले आणि मावशींच्या गटानं विणलेल्या बांबूच्या चौकटीत तारेनं शेजारी शेजारी टांगले गेले. ते तोरण तबकड्यांपेक्षा जास्त खपलं. गटांनीही तेच केलं: हिशेबाच्या वह्या दोन, दुकान एक.

हंगाम संपता संपता गल्ल्यात पैसे कमी भरले. एक पोरगी तावातावानं उठली आणि "कोणी..." एवढंच म्हणाली. मावशींनी तिला बसवलं. "कधीपासून कमी पडून रायले, ते पाय आधी." वही मागे उलटली. पैसे बांबूच्या चौकटी सुरू झाल्या त्या आठवड्यापासून कमी होते. चौकटीची तार दर वेळी गल्ल्यातून आणली जात होती आणि तिचा खर्च दोन्ही वह्यांत कुठेच लिहिला जात नव्हता. जुन्या गटाला वाटे नवा लिहितो, नव्याला वाटे जुना. तारेसाठी तिसरी वही घातली गेली.

तात्पर्य: तडा गेला की आधी 'कधी' विचारावं. 'कोणी' म्हटलं की जो तो स्वतःला वाचवू लागतो. 'कधी' म्हटलं की सगळे मिळून तडा बघतात, चुकलेल्याला आपली चूक न सांगता कळते आणि ज्यात कोणाचीच चूक नाही असे तडेही वेगळे निघतात.