उंबरखिंडीत वारस दोन्हीकडे होते

फेब्रुवारी लागला की आमच्या कर्जत-खालापूरकडे उंबरखिंडीची आठवण निघते. शाइस्तेखानाने पुण्याहून धाडलेला कारतलबखान १६६१ साली याच महिन्यात कुरवंड्याचा घाट उतरून कोकणात शिरू पाहत होता. रान दाट, वाट चिंचोळी. माणसं, घोडे, सामानसुमान सगळं एकामागे एक अडकलं. वारा नाही, प्यायला पाणी नाही. दोन्ही अंगांच्या झाडीतून शिवाजी महाराजांचे लोक उठले तेव्हा खानाला पुढे जाता येईना की मागे फिरता येईना. सोबतच्या रायबागन या सरदारणीने त्याला शरण जायला सांगितलं. खंडणी कबूल करून, होतं नव्हतं ते टाकून ती फौज जीव घेऊन परतली.

कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात खानाच्या सरदारांची नावं आली आहेत, ती मला लढाईइतकीच महत्त्वाची वाटतात. त्यांत जाधव आहेत, गाढे आहेत, कोकाटे आहेत. जिजाऊंचं माहेरही जाधवांचंच. म्हणजे घराणं, वतन, सरदारकी, तलवारीचा वारसा हे सारं त्या दिवशी खिंडीच्या तळाशीही होतं. राजाला मोठं करतं ते घराणं की अंगचं कर्तृत्व, हा वाद शिवजयंतीच्या मांडवात दरवर्षी रंगतो. नुसत्या घराण्याच्या बाजूने बोलणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी.

घरातलंच उदाहरण घ्या. शहाजीराजांच्या पश्चात बंगळूरची संपन्न जहागीर महाराजांचे धाकटे भाऊ व्यंकोजीराजे यांच्याकडे गेली. महाराजांच्या वाट्याला आला होता तो पुण्याकडचा उजाड, डोंगराळ मुलूख. व्यंकोजीराजेही कर्तबगार होते, तंजावरचं राज्य त्यांनीच उभं केलं. पण त्यांनी गादी मिळवली ती आदिलशाहीच्या चाकरीतून पुढे जात. कुणाचाही चाकर नसलेलं राज्य असू शकतं, हा विचार आला तो डोंगराळ जहागिरीतून.

मात्र मला इथे थांबता येत नाही. तो मुलूख उजाड असला तरी हक्काचा होता. जहागिरीची सनद होती, कारभारी होते, जिजाऊंसारखी आई होती, शहाजीराजांच्या नावाचा दबदबा होता. खुद्द महाराजांनी वारशाला कधी कमी लेखलं नाही. १६७७ साली दक्षिणेत गेल्यावर त्यांनी धाकट्या भावाकडे वडिलांच्या दौलतीतला वाटा मागितलाच. कर्तृत्वाला पाय रोवायला जमीन लागते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

ती जमीन ज्यांना मिळत नाही, त्यांचा विचार या वादात कुणीच करत नाही. ढाकच्या बहिरीची अवघड वाट दाखवायला आमच्या ठाकूरवाडीतला एखादा पोरगा पुढे चालतो. कुठल्या खोबणीत पाय ठेवायचा, ढग कुठून चढले की मागे फिरायचं, दमलेल्या माणसाला कुठे बसवायचं, हे तो न विचारता ठरवतो. मागच्या दहा-बाराजणांचा जीव त्याच्या शब्दावर असतो आणि त्याचा आवाज चढत नाही. माणसं सांभाळून नेण्याचे म्हणून जे गुण आपण राजांच्या चरित्रांत वाचतो, ते इथे डोळ्यांदेखत असतात. त्याच्या नावावर मात्र गुंठाभर जमीन असेलच असं नाही. आणि वारसा म्हणून काय येतं? इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. सत्तावीस मृतदेह सापडले आणि उरलेल्यांचा शोध थांबवावा लागला. त्या मातीखाली केवढे गुण गाडले गेले असतील, हे मोजणार कोण?

म्हणून मला बडोद्याचे सयाजीराव महाराज फार जवळचे वाटतात. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, शेतकऱ्याघरचा मुलगा. १८७५ साली बडोद्याचे राजे मल्हारराव पदच्युत झाले, राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायला गायकवाडांच्या घराण्यातली मुलं आणवली आणि बाराव्या वर्षी हा मुलगा गादीवर बसला. तोवर त्याच्या शिक्षणाची सोय झालेली नव्हती. इलियटसारखे शिक्षक, टी. माधवरावांसारखा दिवाण, हे सगळं त्यानंतर मिळालं. निवड दुसऱ्या कुणाची झाली असती तर हाच मुलगा, याच बुद्धीने, कवळाण्यात नांगर धरून म्हातारा झाला असता आणि त्याची बुद्धी केवढी होती हे त्यालाही कळलं नसतं.

सयाजीरावांना याची जाणीव होती असं मी मानतो, कारण त्यांच्या कारभारात ती दिसते. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. इंग्रजांच्या मुलखात गोखले त्यानंतर अशाच कायद्यासाठी झगडत राहिले, सरकार बधलं नाही. नशिबाने आपल्याला जे अचानक मिळालं ते दुसऱ्याच्या पोराला कायद्याने मिळावं, एवढं मोठं मन गादीवर बसलेल्यांत क्वचित दिसतं. राजाच्या थोरवीचं माप मी इथे घेतो. आपल्यासारखाच कुणी गोपाळ बाहेर उभा असेल हे ज्याला सिंहासनावरून दिसतं, तो माझ्या लेखी मोठा राजा.

१९१३ साली एका निवृत्त सुभेदाराचा, महार जातीतला मुलगा बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.