कारणाचा शोध आणि जुन्या गाडीची बॅटरी
कार्याच्या लगेच आधी घडले तेच कारण का, हा न्यायदर्शनातला प्रश्न नागपुरात जुन्या गाडीच्या बॉनेटखाली रोज उभा राहतो. डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारला की नुसती टकटक होते आणि दोष थंडीवर जातो. खरे तर बॅटरीच्या प्लेटा मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हातच झिजलेल्या असतात. थंडीने घट्ट झालेले ऑइल ती झीज फक्त उघडी पाडते.

टकटक हाही पक्का हेतू, म्हणजे अनुमानाचा भरवशाचा आधार, नव्हे. बॅटरी उतरली, टर्मिनलवर पांढरा थर चढला किंवा अर्थिंग सैल झाले, तरी आवाज तोच. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. निवाडा करायचा तो अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे कारण असता कार्य असते आणि नसता नसते, हे तपासून. सेल्फ मारताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरे क्लॅम्पवर धरावे. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष जोडात आहे. बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर मीटर लावून एकेक फ्यूज काढावा. जो काढल्यावर गळती थांबते, त्याच्याच सर्किटमध्ये कारण असते.

नवी बॅटरी टाकून गाडी सुरू झाली, एवढ्याने जुनी दोषी ठरत नाही. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देत नसेल, तर नवीही उतरतेच.