पत्त्यांची ठेव

एका तालुक्याच्या गावात एक ताई घर सोडून आलेल्या बायकांना आधार द्यायच्या. कुणाला माहेरी पोचवायच्या, कुणाला दूरच्या शहरात खोली बघून द्यायच्या. कोण कुठं राहते, हे ताईंनाच ठाऊक असे. आधी सगळे पत्ते वहीत होते. वही फाटायला आली तेव्हा भाच्याने ते एक्सेलच्या फाईलमध्ये उतरवून दिले. लॅपटॉप जुना होता, पण सुरू करताना पासवर्ड मागायचा. ताई निर्धास्त झाल्या.

पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडला. ताई तो दुरुस्तीला घेऊन गेल्या. दुकानातल्या मुलीने स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर काढली आणि केबलने आपल्या कॉम्प्युटरला जोडली.

"काळजी करू नका, डेटा शाबूत आहे," म्हणत तिने स्क्रीन ताईंकडे वळवली. नाव, फोन नंबर, गल्ली, घरमालक, सगळं ओळीनं समोर होतं. काउंटरपाशी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"आधी ते बंद कर," ताई म्हणाल्या. त्यांच्या पोटात गोळा आला होता. "याला पासवर्ड होता ना?"

"तो विंडोजचा. डिस्क दुसरीकडे जोडली की तो कुणी विचारत नाही."

"फाईललाही भाच्यानं लावलाय."

"तो शीट प्रोटेक्टचा. त्यानं रकाने बदलता येत नाहीत, वाचता येतात. फाईल उघडायलाच पासवर्ड लावायचा. मग आतला मजकूर एन्क्रिप्ट होतो. पासवर्ड नसेल त्याच्या हाती नुसती निरर्थक अक्षरं लागतात."

"माझं जन्मसाल ठेवते."

"चार आकड्यांच्या जुळण्या 10,000च होतात. कॉम्प्युटर त्या बघता बघता तपासून संपवतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा शब्द घ्या."

"आणि विसरले तर?"

मुलगी थोडी थांबली. "मग मला उघडता येणार नाही आणि एक्सेल बनवणाऱ्या कंपनीलाही नाही."

ताईंनी नवी डिस्क बसवून घेतली आणि फाईल तिच्यावर उतरवून घेतली. जुनी परत मागितली. डिलीट केलेली फाईलसुद्धा पुन्हा काढता येते, हे मुलीनेच सांगितलं होतं. तिने मागच्या दारी हातोडीने त्या डिस्कचे तुकडे केले. ताई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

घरी त्यांनी शब्द निवडले, कागदावर लिहिले आणि बंद पाकिटात घालून एका जुन्या सहकारी बाईंकडे दिले. एन्क्रिप्ट केलेल्या फाईलची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. ती मात्र वेगळ्या ठिकाणी, संस्थेच्या कपाटात ठेवली.

दिवाळीच्या गर्दीत एसटी स्टँडवर ताईंची पिशवी लॅपटॉपसकट गेली. पोलिसांत तक्रार झाली, लॅपटॉप मिळाला नाही. ताईंनी पेन ड्राइव्ह काढला, पाकीट मागवलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली. एकाही बाईला खोली बदलावी लागली नाही.

पत्ता ज्याचा त्याचा असतो. ताईंकडे तो ठेव म्हणून आला होता, आणि ठेवीला कुलूप ठेवणाऱ्याच्या भरवशासाठी लावायचं असतं, हे त्यांना त्या दुकानात उमगलं होतं.

पुढच्या आठवड्यात एक नवी बाई आली. पत्ता सांगताना अडखळली. फाईल कशी बंद असते, ती उघडायचे शब्द कुणाकुणाकडे आहेत, हे ताईंनी तिला आधी सांगितलं. बाईने दोन प्रश्न विचारले. मग गल्लीचं नाव सांगितलं.